क्ष अधिक तीन

"गुरुजी, काही मुलांना बीजगणित कधीच येणार नसतं. खरं ना?"

दिनानाथ सबनीसानं हे याच शब्दांत विचारलं का, याची मला आज खात्री देता येत नाही. कदाचित तो म्हणाला असेल, "काही मुलांना बीजगणित शिकवण्यात अर्थ नसतो." दोन्ही वाक्यांत फरक आहे, आणि तो लहान नाही. पण त्याला 'हो' ऐकायचं होतं, एवढं मात्र नक्की आठवतं.

आयुष्यभर मी इतिहासावर लिहिलं, पानापानाखाली तळटीपा दिल्या. या प्रसंगाला देता येईल अशी एकही तळटीप माझ्याकडे नाही. ओट्यावर तेव्हा आम्ही चौघं होतो. त्यांतला मी एकटा मागं उरलो आहे, आणि माझ्या आठवणीचा भरवसा मलाच वाटेनासा झाला आहे. तरी सांगतो.

टेंभेगुरुजींनी त्या प्रश्नावर मान वर केली नाही. ते चिंचा फोडत होते.

उन्हाळा लागला होता. गुरुजी आणि त्यांची विधवा बहीण आक्का, दोघं ओट्यावर पोतं पसरून बसली होती. टरफलं काढलेली चिंच दगडावर धरायची, लाकडी हातोडीनं ठोकायची, आतला चिंचोका बाहेर काढायचा. चिंच एका परातीत, चिंचोके दोघांच्या मधे. चिंचोक्यांचा चांगला ढीग झाला होता.

"बसा," गुरुजी म्हणाले. "हात रिकामे ठेवू नका."

आम्ही बसलो.

"दिन्या, बाह्या वर कर," आक्का म्हणाल्या. "एमेस्सी झालास म्हणून चिंचेचा डाग काही लाजून परत जात नाही."

सबनीसानं बाह्या वर केल्या. तो गुरुजींच्या हाताखालीच सातवीचं गणित शिकला होता. पुढं विद्यापीठात पहिला आला आणि आमच्याच तालुक्याच्या शाळेत गणित शिकवायला आला. गावात त्याला मान होता. तो मान त्याला ठाऊक होता. मी त्याच शाळेत इतिहास शिकवत असे.

"काय विचारलंस?" गुरुजी म्हणाले.

सबनीसानं पुन्हा विचारलं. या वेळी शब्द आणखी वेगळे असतील.

"कुणाबद्दल विचारतोयस?"

"सातवीच्या वर्गाबद्दल. सोमवारी हेडमास्तरांना नावं सांगायची आहेत."

इथं थोडं सांगायला हवं. सातवीत आमच्याकडे बीजगणिताची ओळख व्हायची. वर्ष संपताना गणिताच्या शिक्षकानं ठरवायचं, आठवीत बीजगणिताला कोण बसणार आणि 'सामान्य गणिता'त कोण जाणार. सामान्य गणितात व्याज, नफातोटा, क्षेत्रफळं. ते एकदा घेतलं की शास्त्र शाखेचं दार बंद. कच्ची मुलं अशी आधीच बाजूला काढली, की अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, बोर्डात बीजगणिताचा निकाल शंभर टक्के लागायचा. हा आकडा शाळेच्या फाटकावर पांढऱ्या रंगात लिहिलेला होता, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हेडमास्तर तो दाखवायचे.

सबनीसाची नावं ठरली होती. त्यांत अंजना फडतरे होती. तिच्यावरून आमच्या दोघांत शिक्षकांच्या खोलीत भांडण झालं होतं.

अंजनाची आई नगरपालिकेच्या दवाखान्यात दाई होती. ती एकदा शाळेत आली होती, ती माझ्याकडे. सबनीसाशी बोलायला तिला भीती वाटत होती.

"मास्तर, ते बीज का काय म्हणत्यात, ते आमच्या अंजीला राहू द्या. डॉक्टरीणबाई म्हणल्या, औषधाचं शिकायचं तर ते लागतंय."

मी तिला 'बघतो' म्हटलं. पण मला गणित येत नाही. अंजना इतिहासात नको इतके प्रश्न विचारते, एवढाच माझा पुरावा. सबनीसापुढं तो टिकला नाही. शेवटी तोच म्हणाला, "चल गुरुजींकडे. ते सांगतील ते मला मान्य."

गुरुजी काय सांगणार, हे त्यानं गृहीत धरलं होतं. ही पद्धत गुरुजी याच शाळेत शिकवायचे तेव्हापासूनचीच.

"तुम्हीही नावं देत होतात ना, गुरुजी?"

"देत होतो."

"पुष्कळ?"

"पुष्कळ."

"त्यांतलं एखादं चुकलं होतं, असं कधी पुढं कळलं?"

गुरुजींची हातोडी थांबली.

"नाही," ते म्हणाले. "कधीच कळलं नाही."

"ऐकलंस, बोकील?" सबनीस माझ्याकडे वळला.

मी ऐकलं.

हातोडी पुन्हा सुरू झाली.

"काय येत नाही त्या मुलीला?"

"मूळच येत नाही. आता बघा, मी फळ्यावर लिहितो, दोन क्ष अधिक तीन. सांगतो, बाबांनो, ही बेरीज पुढं होत नाही. हेच उत्तर. निम्मा वर्ग ऐकतो. निम्मा वर्ग पाच क्ष लिहून मोकळा. दहादा सांगितलं. अंजना तर ठरवल्यासारखी दर वेळी पाच क्ष."

"का लिहिते?"

"चूक आहे ती, गुरुजी."

"ते कळलं. का लिहिते?"

"चुकीला काय विचारायचं?"

"माझी आमटी अळणी झाली की हा मला विचारतो," आक्का म्हणाल्या. "का अळणी झाली म्हणे. अरे, मीठ विसरले!"

"बघ," गुरुजी म्हणाले. "कारण निघालं."

आक्का हसल्या. सबनीस हसला नाही.

"तिची विचार करायची कुवतच तेवढी आहे. कुणी गाणारं असतं, कुणी नसतं. यात तिला कमी लेखायचा प्रश्न नाही. उलट आत्ताच बाजूला काढलं तर तिचे हाल वाचतील."

गुरुजींनी हातोडी खाली ठेवली. ढिगाऱ्यात हात खुपसला आणि मूठ मिटून बाहेर काढली.

"यात किती आहेत?"

सबनीसाला गंमत वाटली. "मला काय माहीत?"

"मग काय म्हणशील?"

"क्ष म्हणेन."

गुरुजींनी डाव्या हातानं तीन चिंचोके उचलून मुठीशेजारी ठेवले.

"आता सगळे मिळून?"

"क्ष अधिक तीन."

"बरोबर."

बस. पुढं काही नाही. गुरुजींनी मूठ तशीच गुडघ्यावर ठेवली आणि मला विचारलं, "बोकील, तुमच्याकडे यंदा पाण्याचं कसं?"

मी आमच्या गावच्या विहिरीचं सांगू लागलो. विहीर आटली होती. मग टँकर. मग टँकरवरून झालेली मारामारी. गुरुजी खोदून खोदून विचारत होते. मूठ गुडघ्यावर. सबनीस चिंच ठोकत होता, पण त्याचे ठोके भलतीकडेच पडत होते.

"बोट ठेचशील," आक्का म्हणाल्या.

आक्का आत जाऊन चहा घेऊन आल्या. गुरुजींनी डाव्या हातानं कप धरला. त्यांना बशीत ओतून प्यायची सवय. एका हातानं ते जमेना.

"हात कशाला अडकवून बसलास, दादा?"

"दिन्याचं उत्तर आहे त्यात."

आक्कांनी चहा बशीत ओतून दिला.

"गुरुजी," सबनीस म्हणाला, "आहेत किती?"

"सांगितलंस की तू. क्ष."

"ते झालं हो. पण किती?"

"तुझं उत्तर चुकलं होतं का?"

"नाही."

"मी बरोबर म्हणालो ना?"

"म्हणालात."

"मग झालं."

गुरुजी पुन्हा माझ्याकडे वळले. टँकर कुणाचा होता म्हणालात?

सबनीसानं कप खाली ठेवला. पुन्हा उचलला. तो रिकामा होता.

"साताच्या आत नसतील," तो म्हणाला. "तुमचा पंजा मोठा आहे. बारा... पंधराच्या वर जाणार नाहीत."

"असं?"

"गुरुजी, मूठ उघडा ना."

"कशाला?"

"म्हणजे... गणित पुरं होईल."

गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. आक्काही ठोकायच्या थांबल्या.

"तू विद्यापीठात पहिला आलास," गुरुजी म्हणाले. "चहा संपेपर्यंत तुला दम निघाला नाही. पोर बारा वर्षांची आहे."

सबनीसाचा चेहरा लाल झाला.

"माझं वेगळं आहे. क्ष अधिक तीन हे उत्तर मला समजलेलं आहे. तुम्ही मुद्दाम माझ्यापुढं मूठ धरून बसलात म्हणून मला कुतूहल वाटलं. कुतूहल आणि अज्ञान एक नाही."

"नाही."

"मग उघडा."

गुरुजींनी हात ढिगाऱ्यावर नेला. आणि तिथं मूठ उघडली.

चिंचोके घरंगळत ढिगात गेले. कुठले मुठीतले, कुठले आधीचे, काही कळेना. शेजारचे तीनही त्यांनी बोटानं आत लोटले.

"अहो!" सबनीस अर्धा उठला. "हे काय केलंत? आता कधीच कळणार नाही किती होते ते!"

गुरुजींनी हातोडी उचलली.

"सोमवारी किती नावं देणार आहेस?"

परात भरत आली तसे आम्ही उठलो. हात धुवायला आक्कांनी पाणी घातलं. पाणी घालता घालता त्या ओट्याकडे बघून ओरडल्या, "दादा, खरं सांग रे, किती होते?"

"मोजले नव्हते."

"खोटं."

"मला माहीत असते तर दिन्याला कळले असते. माझा चेहरा वाचायला तो सातवीपासून पटाईत आहे."

बाजारापर्यंत आलो तेव्हा सबनीस म्हणाला, "गुरुजी थकलेत आता."



पोस्टाजवळ तो थांबला.

"तुला काय वाटतं? किती असतील?"

"कशात?"

"मुठीत रे!"

मला हसू आलं. तो रागावून पुढं निघून गेला.

सोमवारचं मी सांगतो आहे ते ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. माझा वर्ग आणि सातवीचा वर्ग यांच्यात लाकडी फळ्यांची आडभिंत होती. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. माझी मुलं नकाशे रंगवत होती, म्हणून मला कान देता आला.

सबनीस वर्गात पत्र्याचा डबा घेऊन गेला होता. तो हलवला की खळखळ वाजत होता. आक्कांकडे तो कधी जाऊन आला, मला माहीत नाही.

"माझ्या मुठीत किती?"

"सात!" "वीस!" "सर, सांगा की!"

"मला माहीत नाही."

कुणीतरी मागून म्हणालं, "माहीत असतंय त्यांना. सांगत नाहीत."

"खरंच माहीत नाही. न बघता घेतलेत."

पलीकडं एकदम शांतता झाली. सबनीसाच्या तासाला शांतता नेहमीच असे, पण ती धाकाची. ही वेगळी होती. निदान मला तसं वाटलं. भिंतीपलीकडून शांततेतला फरक कळतो असं म्हणणं धाडसाचं आहे, हे मी जाणतो.

"मग आम्हाला का विचारताय?" हा आवाज अंजनाचा.

"माहीत नाही ते कसं लिहायचं, हे शिकायचंय म्हणून."

खडू वाजला.

"अंजना, दोन क्ष अधिक तीनचं तू पाच क्ष का करतेस?"

बाक करकरला.

"रागावणार नाही. सांग."

"अधिकची खूण राहते, सर."

"राहू दे की."

"बेरजेत अधिक शिल्लक ठेवलं की तुम्हीच मार्क कापता. पहिलीपासून सगळेच कापतात. 'गणित अपुरं' असं लाल शाईनं लिहिता."

माझ्या वर्गातलं एक पोर रंगाचं पाणी सांडून ओरडलं. मी त्याला हातानंच गप्प केलं. पलीकडचं काही चुकवायचं नव्हतं.



"बरोबर आहे," सबनीस म्हणाला. "कापतो."

"मग आता?"

"आता इथं ती खूण ठेवायची. क्ष अधिक तीन. इथंच थांबायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

"अपुरं वाटतंय, सर."

"मलाही वाटतं," सबनीस म्हणाला.

वर्ग हसला. तोही हसला असावा. घंटा झाली.

दुपारी हेडमास्तरांनी त्याला बोलावलं. हेडमास्तर मोघे. माणूस वाईट नव्हता, पण फाटकावरच्या त्या आकड्यावर त्यांचा फार जीव. मी रजेचा अर्ज घेऊन तिथंच उभा होतो.

"नावं?"

"नाहीत, सर."

"उद्या द्या मग."

"उद्याही नाहीत. सगळा वर्ग बीजगणिताला बसेल."

मोघ्यांनी चष्मा काढला.

"आणि निकाल?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, हे काय उत्तर झालं, सबनीस? तुम्ही गणिताचे शिक्षक आहात!"

"सध्या तेवढंच आहे."

"फडतरेची मुलगी पास होईल? लिहून द्या मला. होईल?"

सबनीसानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा 'होईल' म्हणणार. त्याच्या जागी मी असतो तर म्हणालो असतो. वरिष्ठांपुढं मी नेहमीच काहीतरी ठाम बोलून टाकतो आणि मग घरी जाऊन तळमळतो.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"निकाल घसरला तर मी तुमचं नाव सांगणार आहे. संस्थेला, गावाला, सगळ्यांना."

"सांगा, सर."

मोघे माझ्याकडे वळले. "तुम्हाला काय हवंय?"

मला काय हवं होतं, ते मी त्या क्षणी विसरलो होतो.

अंजना आठवीत बीजगणिताला बसली. तिची आई मला दवाखान्यात भेटली तेव्हा म्हणाली, "मास्तर, तुमी केलं." मी म्हटलं, "मी नाही, सबनीस सरांनी." तिला ते पटलं नाही. मीही फार ताणलं नाही.

सबनीस पुढं तीन वर्षं त्या वर्गाला शिकवत होता. शिकवण्यात तो एकदम बदलला, असं मला म्हणता येणार नाही. तो तसाच तापट राहिला. खडू फेकून मारायचा. त्याच्या तासाला मुलं अजूनही घाबरायची. पण फळ्यावर अधिकची खूण शिल्लक राहिली की तो तिथं हात ठेवून उभा राहायचा आणि विचारायचा, "टोचतंय का कुणाला?" मुलं 'हो' म्हणायची. मग पुढं जायचा.

मुलं अकरावीला गेली त्या वर्षी त्याला पुण्याच्या एका कॉलेजात जागा मिळाली. तो गेला. मीही पुढं प्रबंधासाठी गाव सोडलं. त्या वर्षी फाटकावरचा शंभरचा आकडा शिपायानं ओल्या फडक्यानं पुसला, एवढं मला पत्रानं कळलं. कोण नापास झालं, ते पत्रात नव्हतं.

पुढं मी ही हकिकत शिक्षकांच्या शिबिरांत अनेकदा सांगितली. दर वेळी कुणीतरी विचारायचं, "मग ती मुलगी पास झाली ना?" मी म्हणायचो, "झाली असणार." ऐकणाऱ्यांना बरं वाटायचं. मलाही.

म्हातारपणी ते 'असणार' मला झोपू देईना. पुराव्याशिवाय वाक्य लिहायचं नाही, असं मी तीन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. आणि आयुष्यात जे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा बोललो, त्यालाच पुरावा नव्हता. सबनीस तोवर गेला होता. गुरुजी आणि आक्का तर त्याच्याही आधी.

चौकशी करत करत मी तिला गाठलं. शेजारच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती औषधं देते, असं कळलं. मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा जाळीपलीकडून पांढऱ्या कोटातल्या बाईंनी हात पुढं केला. "चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही," मी म्हटलं. "मी बोकील. तुम्हाला इतिहास शिकवायचो."

त्या उठून उभ्या राहिल्या. मागच्या लोकांना म्हणाल्या, "थांबा जरा, माझे सर आलेत." मागचा म्हातारा म्हणाला, "सर आलं तर आमचा खोकला थांबतोय व्हय?" त्यांनी आधी त्याला बाटली दिली. मग मला आत बोलावलं.

मी फार आडवळणं न घेता विचारलं. अकरावीला बीजगणितात पास झालात ना?

"पहिल्या खेपेला नापास," त्या म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. "बीजगणितातच. शाळेचा शंभर टक्के घालवणारी मीच ती, सर. एकटी! ऑक्टोबरला पुन्हा बसले, तेव्हा पास झाले."



त्यांनी मला पाणी दिलं. आणि विचारलं नसताना पुढचं सांगितलं. निकालाच्या दिवशी आई जेवली नाही. सबनीस सर पुण्याला गेलेले. मग त्या टेंभेगुरुजींकडे गेल्या. गुरुजींचं घर त्यांना माहीत होतं. सबनीस सर रविवारी साऱ्या वर्गाला तिथं न्यायचे, गणितं घालायला आणि चिंचा फोडायला.

"मी रडत होते, सर. गुरुजींना म्हटलं, सबनीस सरांनी सातवीतच माझं नाव दिलं असतं, तर आज नापास झाले नसते."

"मग?"

"गुरुजी म्हणाले, 'पोरी, नापास व्हायलासुद्धा आधी वर्गात जागा लागते.'"